कर्णा: किड्यांवर जगणारा, वठलेल्या झाडात वाढणारा सह्याद्रीतला पक्षी

देवराईकर (धागाकर्ता)

पश्चिम घाटातल्या पक्ष्यांवर गप्पा सुरू झाल्या की धनेश, नवरंग, शीळकरी कस्तूर ही नावं लगेच निघतात. कर्णा मात्र याद्यांमध्ये असतो, बोलण्यात क्वचित येतो. म्हणून हा धागा खास त्याच्यासाठी. ज्यांनी पाहिलाय त्यांनी नोंदी द्याव्यात, ज्यांना पाहायचाय त्यांनी मोकळेपणाने विचारावं.

आधी ओळख. इंग्रजीत मलबार ट्रोगॉन, शास्त्रीय नाव हार्पॅक्टेस फॅसिएटस. भारतात ट्रोगॉनच्या तीन जाती आहेत. बाकीच्या दोन हिमालयाच्या पूर्व भागात आणि ईशान्येत, आपल्याकडची ही एकच. पश्चिम घाट, मध्य भारतातली डोंगराळ जंगलं, पूर्व घाटाचा काही भाग आणि श्रीलंका एवढाच तिचा मुलूख. थॉमस पेनंटने १७६९ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेही श्रीलंकेतल्या पक्ष्यावरून. लांबी साधारण ३० सेंटिमीटर, त्यातली बरीचशी शेपटीचीच.

नराचं डोकं, गळा आणि छाती काजळी काळी. छातीखाली पांढरा पट्टा आणि त्याखाली सगळं पोट गुलाबी-लाल. पाठ तपकिरी, पंखांवर काळ्यावर बारीक पांढऱ्या रेघा. डोळ्याभोवतीची कातडी निळी, चोचही निळसर. मादीला ना काळं डोकं ना पांढरा पट्टा. ती वरून तपकिरी, पोटाला पिवळट-नारिंगी. दोघांचीही शेपटी लांब आणि टोकाला सरळ छाटलेली.

इतका रंगीत पक्षी असूनही लोकांना तो दिसत नाही, कारण तो तुमच्याकडे पाठ करून बसतो. माणसाची चाहूल लागली की लाल पोट पलीकडे आणि तपकिरी पाठ आपल्याकडे. मान मात्र पार मागे वळवून तो आपल्यावर नजर ठेवून असतो. मधल्या उंचीची, सावलीतली आडवी फांदी किंवा लोंबती वेल धरून तो बराच वेळ हलतच नाही. जंगलात आपली नजर हालचालीवर जाते, त्यामुळे समोर बसलेला कर्णा सहज सुटतो.

या निश्चल बसण्यामागे शरीराचीही बाजू आहे. ट्रोगॉनचे पाय अगदी तोकडे आणि दुबळे. पायांच्या स्नायूंचं वजन शरीराच्या जेमतेम ३ टक्के, मोजमाप झालेल्या पक्ष्यांत सर्वांत कमी. त्यांना धड चालता येत नाही, फांदीवर तोंड फिरवायचं तरी पंखांची मदत घ्यावी लागते. बोटांची मांडणीही जगावेगळी आहे. सुतार आणि पोपट यांचीही दोन बोटं पुढे, दोन मागे असतात, पण त्यांचं मागे वळलेलं बोट चौथं, ट्रोगॉनचं दुसरं. ही रचना दुसऱ्या कुठल्याही पक्ष्यात नाही.

म्हणजे याची शिकार पायांवर नाही, डोळ्यांवर आणि पंखांवर चालते. फांदीवरून आसपासची पानं न्याहाळायची, किडा दिसला की झेपावायचं, पानासमोर क्षणभर पंख फडफडत थांबून तो उचलायचा आणि पुन्हा फांदी गाठायची. सुरवंट, काडीकिडे, नाकतोडे, सिकाडा, भुंगेरे, ढेकूणवर्गीय किडे हा त्याचा आहार. कधी एखादं फळही खातो, पण खरा भर किड्यांवर.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहितोय. कर्णा घरटं करतो ते वठलेल्या, कुजून मऊ झालेल्या खोडात. सुताराची चोच छिन्नीचं काम करते, तशी ताकद याच्या चोचीत नाही. बुरशीने आणि वाळवीने आधी मऊ करून ठेवलेलं लाकूडच त्याला कोरता येतं. पावसाळ्याआधी, साधारण फेब्रुवारी ते मे या काळात जोडी अशा खोडात उथळ ढोली करते. त्यात गवत नाही, पिसं नाहीत. लाकडाच्या भुशावरच बहुधा दोन अंडी. रात्री मादी उबवते, दिवसा काही तास नर बसतो. अडीच आठवड्यांच्या आसपास पिल्लं बाहेर येतात. उडायला लागल्यावरही आई-बाप त्यांना काही महिने सांभाळतात.

असं खोड जंगलात सगळीकडे नसतं. झाड मरावं लागतं, मेल्यावर उभं राहावं लागतं आणि उभ्या उभ्या कुजावं लागतं. याला वर्षं जातात, तोडायला सकाळ पुरते. रानात उभं राहिलेलं मेलेलं झाड हे आपल्याला वाया गेलेलं लाकूड वाटतं, आणि कर्ण्याचं सगळ्यांत मोठं नुकसान तिथे होतं असं माझं ठाम मत आहे. धनेशाच्या जुन्या जिवंत झाडांबद्दल आता लोक बोलू लागलेत. मेलेल्या झाडांबद्दलही बोलायला हवं.

---

मेघना_फोंडा

सुंदर धागा, दादा. आमच्याकडे तांबडी सुर्ला, मोले आणि बोंडला या पट्ट्यात कर्णा चांगला आहे. तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराच्या आसपासचं रान सकाळी गाठलं तर आवाज ऐकू येण्याची शक्यता बरीच असते.

आवाजाबद्दल लिहिते, कारण मला तो पक्षी नेहमी आधी कानांनी सापडतो. मऊ, खालच्या पट्टीतला "क्यू… क्यू… क्यू" असा चार-सहा वेळा येतो आणि थांबतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर हळूच फुंकर मारावी तसा. फार लांब जात नाही, आणि दिशा पटकन कळत नाही. बिथरला की वेगळाच, घशातला "क्र्रर्र" काढतो आणि शेपटी वरखाली करतो. तो आवाज आला तर आपण जास्त जवळ गेलोय असं समजून दोन पावलं मागे यावं.

एक प्रश्न. मला कर्णा बऱ्याचदा भृंगराजाच्या आसपास दिसतो. भृंगराज, सातभाई, नीलमणी, एखादा सुतार असा घोळका झाडाझाडातून सरकत असतो आणि त्याच्या मागे कडेला कर्णा. हा योगायोग की खरंच काही संबंध आहे?

---

पानगळ

@मेघनाताई, योगायोग नाही. याला मिश्र थवे म्हणतात, आणि यावरचा सगळ्यांत नेटका अभ्यास श्रीलंकेतल्या सिंहराजाच्या वर्षावनात झाला आहे. सरथ कोटगामा आणि एबेन गुडेल यांनी तिथल्या थव्यांच्या नोंदी केल्या. एका थव्यात सरासरी ४० च्या आसपास पक्षी आणि अकरा-बारा जाती. थव्याचा गाभा तिथल्या नारिंगी चोचीच्या सातभाईंचा आणि भृंगराजाचा. कर्णा त्या थव्यांतला ओळखीचा सोबती.

कर्ण्याला यात दोन फायदे. सातभाई पाचोळा आणि पानं खळबळवत जातात, त्याने दडलेले किडे उठतात. बसल्या जागेवरून झेपावणाऱ्याला उठलेला किडा म्हणजे पर्वणीच. दुसरं म्हणजे पहारा. भृंगराज सतत चौफेर बघत असतो, ससाणा-शिक्रा आला की ओरडतो. कर्ण्यासारख्या एकाच जागी बसून राहणाऱ्याला ही सावधगिरी आयती मिळते.

भृंगराज तर आणखी पुढे जातो. तो इतर पक्ष्यांच्या नकला करतो हे आपल्याला माहीत आहेच. याच दोघांनी २००६ मध्ये दाखवलं की थव्यातल्या जातींच्या नकला असलेलं भृंगराजाचं गाणं ध्वनिमुद्रित करून ऐकवलं, तर नकला नसलेल्या गाण्यापेक्षा जास्त पक्षी त्याकडे येतात. म्हणजे तो नकला करून थवा गोळा करत असणार. आंबोली-तिळारीत फिरताना भृंगराज नानाविध आवाज काढत असेल तर तिथेच थांबा, पाच-दहा मिनिटं मधल्या उंचीच्या फांद्या सावकाश बघा. कर्णा शोधायची मला माहीत असलेली ही सगळ्यांत खात्रीची पद्धत.

---

नवाभिडू

मी या छंदात नवीन आहे. चांदोलीला लाल पोटाचा, काळ्या डोक्याचा पक्षी पाहिला. जोडी होती, दुसरा पिवळा होता. झाडाच्या अगदी शेंड्याला होते, एकसारखे इकडून तिकडे उडत होते. कर्णा म्हणायचा का?

---

देवराईकर

नवाभिडू, स्वागत. वर्णनावरून तो निखार असणार. नर लाल-काळा, मादी पिवळी-करडी, शेंड्याला आणि सतत हालता, हे निखाराचंच. आकाराने तो कर्ण्याहून बराच लहान. कर्णा शेंड्याला क्वचित जातो. त्याची जागा झाडोऱ्याच्या मधल्या थरात, सावलीत. आणि छातीवरचा पांढरा पट्टा पाहायचा, तो दिसला की शंकाच नको.

निखारही पाहण्यासारखाच पक्षी आहे, नोंद करून ठेवा. चांदोली-कोयनेचं सलग जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि कर्णा तिथेही आहे. पुढच्या वेळी ओढ्याकाठची दाट सावली बघा.

---

किडामुंगी

मी पक्ष्यांचा नाही, किड्यांचा माणूस. त्यामुळे याच्याकडे उलट बाजूने बघतो.

काडीकिडा दिवसा अजिबात हलत नाही. रंग काडीचा, आकार काडीचा, वाऱ्यावर डुलणंही काडीचं. आम्ही मुद्दाम शोधायला गेलो तरी हाताशी असलेला दिसत नाही. तो कर्ण्याला दिसतो! हिरव्या पानाखालचा हिरवा सुरवंट दिसतो. इतका वेळ एका जागी बसून तो विश्रांती घेत असेल असं वाटतं, पण मला तर ते अखंड काम वाटतं. समोरच्या पानांचा चप्पा न् चप्पा तपासला जात असतो. मग एकाच झेपेत काम होतं, कारण लक्ष्य आधी ठरलेलं असतं.

विणीचा काळही किड्यांच्या हंगामाला धरून आहे. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर झाडांना कोवळी पालवी येते, पालवीवर सुरवंट येतात. पिल्लांना सुरुवातीला मुख्यतः सुरवंट भरवले जातात, मोठी झाल्यावर नाकतोडे आणि इतर कडक अंगाचे किडे. मऊ खाद्य आधी, टणक नंतर. पिल्लं वाढत असतात तेव्हा एप्रिल-मेमध्ये सिकाडांनी रान दणाणलेलं असतं.

म्हणून देवराईकरांच्या मुद्द्याला माझी एक पुरवणी. झाड उभं ठेवलं आणि किडे मारले तर उपयोग नाही. कोकणात काजूवर ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीसाठी पालवीला, मोहराला आणि फळ धरताना फवारणी होते. रानाला लागून असलेल्या बागेत औषध मारलं की ते बांधावर थांबत नाही. बागायतदाराचं नुकसान खरं आहे, ढेकण्या मोहर जाळतो, त्यामुळे फवारू नका असं मी म्हणणार नाही. पण किडीचं प्रमाण न बघता दिनदर्शिकेवरच्या तारखेला फवारणं थांबवता येईल, आणि रानाकडच्या शेवटच्या एक-दोन ओळी सोडता येतील.

---

काजूवाला_दोडामार्ग

धागा वाचला, पटलाही. पण मी बागायतदार आहे आणि गावातच राहतो, तर दुसरी बाजूही मांडतो.

फवारणीचं किडामुंगी यांचं म्हणणं मान्य. रानाकडच्या ओळी आम्ही एरवीही नीट फवारत नाही, कारण तिथे चढ असतो आणि पंप घेऊन जाणं जिवावर येतं.

पण वठलेल्या झाडाचं काय? आमच्याकडे आजही न्हाणीघरातलं पाणी चुलीवरच तापतं. सरपण रानातून येतं. सिलेंडर आहे, पण तो दोन वेळच्या जेवणालाच जेमतेम पुरवायचा. गावातल्या बायकांना कुणी येऊन सांगितलं की वाळकं झाड तोडू नका, तर त्या विचारतील, मग काय ओलं तोडू? आणि त्यांचं बरोबर असेल.

खरं रान गेलं ते सरपणाने नाही. दोडामार्गात डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लावलं गेलं. यंत्र लावून एका उन्हाळ्यात उतार सपाट होतात. तिथे वठलेलं झाड राहत नाही आणि जिवंतही राहत नाही. रबराच्या बागेत मी भृंगराज पाहतो, कर्णा कधी पाहिला नाही. तिळारीचं जंगल २०२० मध्ये संवर्धन राखीव झालं ते चांगलंच झालं, पण खासगी मालकीचं रान त्या रेषेच्या बाहेर भरपूर आहे.

---

देवराईकर

काजूवाला, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे आणि मला त्यातलं जवळजवळ सगळं मान्य आहे. सरपण गोळा करणाऱ्या बाईला या पक्ष्याचा शत्रू ठरवणं अन्यायाचं होईल. डोंगर साफ करणारं यंत्र आणि डोक्यावरची मोळी यांची बरोबरीच होऊ शकत नाही.

मी म्हणतो ते झाड वेगळं आहे. खाली पडलेल्या वाळक्या फांद्या, वाळलेली कडक डहाळी, हे चांगलं सरपण, ते खुशाल न्यावं. कर्ण्याला लागतं ते कुजून भुसभुशीत झालेलं, नखाने उकरता येईल असं उभं खोड. ते चुलीत नीट पेटत नाही, धूर करतं, आच देत नाही. सरपणवाल्या बायका ते बहुतेक वेळा स्वतःच सोडून देतात. ते जातं कशाने? बाग "साफसूफ" दिसावी म्हणून, वाट रुंद करताना, आणि पर्यटकांच्या डोक्यात पडेल या भीतीने. वाटेवर धोका असेल तर वरचा भाग उतरवून माणसाच्या उंचीचा बुंधा ठेवता येतो. कर्ण्याची घरटी फार उंच नसतात, कधी डोक्याच्या उंचीवरही असतात. त्याला तेवढा बुंधा चालतो.

---

लेन्सवाला

मी फोटोग्राफी करतो. कॉल लावण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून विषय काढतो. कित्येक ठिकाणी गाईड मोबाइलवर कर्ण्याचा आवाज लावतात, नर समोर येऊन बसतो, फोटो मिळतो, सगळे खूश. गाईडचं घर त्यावर चालतं. पाहुणा दोन दिवसांसाठी येतो, त्याला पक्षी दिसला नाही तर तो परत येत नाही. पर्यटनाने जंगल टिकतं हेही खरं ना?

---

मेघना_फोंडा

लेन्सवाला, पर्यटनाने जंगलाला आधार मिळतो हे मलाही मान्य. पण आवाज लावल्यावर नर समोर येतो तो आपल्याला भेटायला नाही. त्याच्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून येतो. तेवढा वेळ त्याचं खाणं बंद, आणि विणीच्या दिवसांत उबवायची पाळी त्याची असेल तर अंडी उघडी. दिवसाला तीन-चार गट एकाच जागी तेच करत असतील तर त्या जोडीने काय करायचं?

आणि घरट्यावर फोटो काढणं तर मला अजिबात मान्य नाही. ढोली उथळ असते, बसलेल्या पक्ष्याचं डोकं किंवा शेपटी बाहेरून दिसते. समोरच्या फांद्या छाटून "फ्रेम मोकळी" केलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या फांद्याच त्याचा आडोसा होत्या. माणसांची वर्दळ झाली की खारी आणि सापांनाही ती जागा उघडी पडते.

पानगळ यांनी सांगितलेली थव्याची पद्धत गाईडांना शिकवली तर पाहुण्याला एका जागी दहा जाती दिसतील. त्यात त्यांचाही फायदा आहे.

---

लेन्सवाला

मेघनाताई, उबवण्याची पाळी नरावरही असते हे मला या धाग्यावरच कळलं. विणीच्या महिन्यांत कॉल नको, हे पूर्ण पटलं. आमच्या गटात मांडतो.

---

सातासमुद्रापार

मी सध्या कामानिमित्त कोस्टा रिकात असतो. इथे ट्रोगॉनच्या बऱ्याच जाती आहेत, केत्झालही याच कुळातला. मोठा फरक म्हणजे इथल्या जाती फळं भरपूर खातात. केत्झाल तर रानटी अवोकाडोंच्या फळांवर बराच अवलंबून. आशियातल्या जाती मात्र जवळजवळ पूर्ण कीटकभक्षी.

घरट्यांतही गंमत आहे. काही जाती झाडावरच्या वाळवीच्या वारुळात ढोली करतात. एक जात तर गांधीलमाश्यांच्या पोळ्यात घरटं कोरते, आणि आधी त्या माश्या खाऊन संपवते! बसण्याची ढब मात्र तीच, पाठ फिरवून, मान वळवून. हा धागा वाचताना गावची आठवण आली. आभार.

---

रानवाट_सावंतवाडी

आमच्या गावच्या देवराईत जुनी पद्धत आहे, पडलेली काटकीही बाहेर न्यायची नाही. त्यामुळे तिथे मेलेली झाडं उभीही आहेत आणि आडवीही. कर्ण्याचा आवाज मी तिथे ऐकलाय. पण आता मंदिराचा जीर्णोद्धार निघालाय आणि राई "स्वच्छ" करायची बोलणी चालू आहेत. अशी झाडं आधीच मोजून ग्रामसभेसमोर ठेवावीत असं मनात आहे. नोंद नेमकी कशी करायची?

---

देवराईकर

नक्की करा, आणि गावकर-मानकऱ्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. पुजाऱ्यांनाही विचारा, कोणतं झाड कधी वठलं हे त्यांना माहीत असतं.

प्रत्येक उभ्या मेलेल्या झाडाचं स्थानिक नाव, छातीच्या उंचीवरचा घेर, अंदाजे उंची, लाकूड टणक की भुसभुशीत, आणि ढोल्या असल्यास किती व कुठल्या उंचीवर, एवढं वहीत लिहा. झाडाला खिळे ठोकू नका. चुन्याची खूण पुरते. हे काम पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. फेब्रुवारी लागला की ढोल्यांच्या जवळ जाऊ नका, लांबून दुर्बिणीने बघा. ढोलीत पक्षी बसलेला दिसला तर जागा इंटरनेटवर टाकू नका, ग्रामसभेत "राईत घरटं आहे" एवढंच सांगा.

बांधकामासाठी मंदिराभोवतीची मोकळी जागा किती लागेल ते आधी आखून घ्या आणि त्याबाहेरचं एकही खोड हलवायचं नाही असा ठराव मागा. राई साफ करणं आणि मंदिर बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकाच ठरावात येऊ देऊ नका. कच्चा मसुदा इथे टाकलात तर आम्ही सगळे मिळून बघू. काजूवाला, तुम्ही जवळच आहात, मोजणीच्या दिवशी जमेल का?

---

काजूवाला_दोडामार्ग

जमेल. डिसेंबरात काजूचं काम थोडं हलकं असतं. टेप आणि चुना मी आणतो. रानवाट, तुम्ही तारीख कळवा.